साताऱ्याचा 'देवाचा दरबार'

महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांतील ख्रिस्ती मंडळीचें प्रकरण बहुधा दोन प्रकारांनीं लिहिलें गेलें आहे. मिशनांच्या वार्षिक अहवालांत शाळा, दवाखाने व बाप्तिस्मे यांची मोजदाद सांपडते. विरुद्ध पक्षाच्या लिखाणांत धर्मांतराची तक्रार सांपडते. दोन्ही प्रकारचें साहित्य संशोधकाच्या उपयोगाचें आहे, यांत संशय नाहीं. परंतु ज्यांनीं हा धर्म स्वीकारला त्यांनीं तो घरांत, उपासनेंत व आपसांतील व्यवहारांत कसा आचरिला, या प्रश्नाचें उत्तर दोहोंपैकीं एकाहि ठिकाणीं धडपणें मिळत नाहीं. प्रस्तुत लेखांत सातारा व सांगली या प्रांतापुरतें त्या प्रश्नाकडे पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे. मुख्य विषय रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १९१७ सालीं साताऱ्यास मांडलेला 'देवाचा दरबार' हा होय. सांगली-मिरजेकडील हकीकत त्याच्या अनुषंगानें येईल.

ख्रिस्ती शास्त्रांत पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय प्रसिद्ध आहे. त्याच्या आरंभीं लीनता, सहनशीलता व ऐक्य हे तीन गुण एका सूत्रांत ओंविलेले आहेत. संस्कृताच्या अभ्यासकास हे गुण परके वाटण्याचें कारण नाहीं. गीतेच्या तेराव्या अध्यायांत ज्ञानाचीं लक्षणें सांगतांना अमानित्वास पहिलें स्थान दिलें आहे, आणि वेदान्ताच्या षट्संपत्तींत तितिक्षा येते. तथापि एक भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. आमच्या शास्त्रांतील तितिक्षा ही मुख्यतः शीतोष्णादि द्वंद्वांची आहे. साधक एकटा असला तरी ती त्यास साधतां येते. पौलाच्या पत्रांतील सहन करणें हें माणसांना सहन करणें आहे. शेजारी नसेल तर त्या गुणास जागाच नाहीं. आम्हीं वर्गांत तितिक्षा शब्दाचा अर्थ विचारला म्हणजे मुलें झटकन् 'सोसणें' असें सांगत. काय सोसणें, ऊन कीं माणूस, असें पुढें विचारलें कीं वर्ग गप्प होई. पुढील हकीकतींत हा भेद पुष्कळ ठिकाणीं उपयोगी पडेल.

प्रथम स्थळाचा इतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले व १८३१ सालीं अहमदनगरास स्थिरावले. सातारा प्रांतांत त्यांचा पहिला पाय पडला तो महाबळेश्वरीं. रेव्हरंड ॲलन ग्रेव्ह्ज् हे प्रकृतीसाठीं तेथें राहिले व त्यांच्या पत्नीनें तेथें शाळा चालविली. खुद्द साताऱ्यांत रेव्हरंड विल्यम वुड १८४९ सालीं येऊन राहिले. या सनाचें महत्त्व मिशनच्या अहवालांत कोठें सांगितलेलें दिसत नाहीं. १८४८ सालीं शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले, दत्तक नामंजूर झाला व लॉर्ड डलहौसीनें छत्रपतींचें राज्य खालसा केलें. म्हणजे ज्या वर्षीं साताऱ्याच्या राजवाड्यांतील दरबार उठला, त्याच सुमारास मिशनऱ्यानें गांवांत बिऱ्हाड केलें. वुडसाहेब अमेरिकन, राज्य घेणारे इंग्रज. हा फरक साताऱ्याच्या पेठांतील माणसानें करावा अशी अपेक्षाच चुकीची ठरेल. त्याच्या दृष्टीनें दोघेहि टोपीवालेच. नवा धर्म व नवी सत्ता एकाच दारानें आंत आलीं असें लोकांस दिसलें, आणि म्हणून येथील ख्रिस्ती मंडळीपुढें नम्रतेचा प्रश्न केवळ वैयक्तिक सद्गुणाचा कधींच राहिला नाहीं. राज्यकर्त्यांच्या छायेंत वाढणाऱ्या धर्मानें विनय शिकवावा तरी कोणत्या तोंडानें, अशी ती अडचण होती.

सांगली, मिरज हीं पटवर्धनांचीं संस्थानें. तिकडे प्रेस्बिटेरियन मिशन आलें. रेव्हरंड रॉयल गुल्ड वाइल्डर हे १८५२ सालीं कोल्हापुरास गेले. त्यांच्या मिशनचें ठाणें सांगलीस १८८४ च्या सुमारास झालें. पुढें इंग्लंडच्या एस. पी. जी. संस्थेचे अँग्लिकन मिशनरीहि कोल्हापुरास व नगरास येऊन बसले, आणि एकाच ख्रिस्ताचें नांव सांगणाऱ्या मंडळ्यांत क्षेत्रासंबंधानें कुरबुरी झाल्या. मंडळीच्या आंत तर त्याहून जुना भेद होता. महारांतून आलेले व मांगांतून आलेले एका पंक्तीस बसण्यास नाखूष. आणि ब्राह्मणांतून आलेला एखादा असला तर तो कोठें बसतो, याकडे सर्वांचे डोळे. ऐक्य हा शब्द उपदेशांत सोपा होता. जेवणाच्या पानावर तो कठीण होता.

या परिस्थितींत नारायण वामन टिळक या मंडळींत आले. त्यांचा जन्म १८६१ सालीं दापोली तालुक्यांतील करजगांवीं झाला. नाशकास गणेशशास्त्री लेले यांजपाशीं त्यांनीं संस्कृत अध्ययन केलें; त्या पिढींतील शास्त्र्यांपाशीं शिकलेला मनुष्य कवितेंत किती सोपें लिहूं शकतो, याचें टिळक हें उत्तम उदाहरण आहे. पुढें ते नागपुराकडे गेले. आगगाडीच्या प्रवासांत अर्नेस्ट वॉर्ड नांवाच्या एका सहप्रवाशानें त्यांस नव्या कराराचें पुस्तक दिलें, डोंगरावरील प्रवचनापर्यंत येतां येतां त्यांचें मन पालटलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तो त्यांनीं गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून घेतला नाहीं. तुकाराम नथूजी या हिंदी पाळकाच्या हातून घेतला. या एका गोष्टींत पुढील बावीस वर्षांची बीजें आहेत असें आम्हांस वाटतें. नंतर ते नगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत शिरले, धर्मशिक्षणाच्या शाळेंत शिकवूं लागले, व १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी भाग संपादूं लागले. बालकवि ठोंबरे त्यांच्याच घरीं कांहीं काळ राहत असत, हें वाचकांस ठाऊक आहेच.

आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों, अशा अर्थाचें टिळकांचें एक वचन पुष्कळांनीं उद्धृत केलें आहे. तें अलंकार म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. विलायती चालीवर बसविलेलीं भाषांतरित गीतें जेथें चालत, तेथें त्यांनीं अभंग, ओंवी व भजन आणलें. कृष्णराव सांगळे यांनीं नगरास आधींच सुरू केलेल्या ख्रिस्ती कीर्तनास त्यांच्या पदांचें बळ मिळालें. याच्याहि मागें जावयाचें तर गोमंतकांत फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालींच छापून निघालें होतें. परंतु तो प्रवाह घाटावर पोंचला नव्हता. टिळकांनीं १९०९ सालीं 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य आरंभिलें, तें त्या प्रवाहाशीं संबंध नसतां.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यास बिऱ्हाड केलें, स्वतःस संन्यासी म्हणवून घेतलें, आणि 'देवाचा दरबार' या नांवाची मंडळी स्थापिली. तींत बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे लोक येऊं शकत. अट इतकीच कीं ख्रिस्तास गुरु मानावें व प्रेम आणि सेवा यांचें व्रत पाळावें. ख्रिस्त हा पूर्वेकडचा आहे, त्यास पश्चिमेच्या पोषाखांतून मोकळा करून आमच्या लोकांस दाखविला पाहिजे, हा त्यांचा हेतु होता. धर्मशास्त्रदृष्ट्या पाहतां या संन्यासाचें वर्गीकरण करणें आम्हांस जमत नाहीं. घरांत पत्नी होती, ग्रंथलेखन होतें, 'ज्ञानोदया'चें काम होतें. अग्नि व गृह यांचा त्याग नाहीं तेथें संन्यास कसला? वानप्रस्थ म्हणावा तर अरण्यहि नाहीं. परंतु टिळकांचा त्याग निराळ्या वस्तूचा होता. त्यांनीं पगार सोडला, आणि पगाराबरोबर येणारें अंकितपण सोडलें.

नांवाविषयीं एक अनुमान सांगतों. 'दरबार' हा शब्द ख्रिस्ती परिभाषेंतला नाहीं, संतांच्या बोलींत मात्र तो आहे. ज्या गांवीं छत्रपतींचा दरबार सत्तर वर्षांपूर्वीं बंद पडला व ज्याच्या जुन्या वाड्यांत इंग्रजी कचेऱ्या बसल्या, त्या गांवीं हा शब्द कवीनें सहज वापरला असेल असें मानण्यास आम्ही तयार नाहीं. टिळकांनीं हें कारण कोठें लिहून ठेवलें आहे असा आमचा दावा नाहीं. परंतु साताऱ्यांतील श्रोत्याच्या कानावर तो शब्द कसा पडला असेल, याचा विचार इतिहासलेखकानें केला पाहिजे. येथें राजा देव, आणि दरबारी होण्यास जात, गोत्र, मिशन, बाप्तिस्म्याचा दाखला यांपैकीं कांहीं लागत नाहीं.

या कृत्याचा अर्थ दोन्ही बाजूंनीं विपरीत लावला गेला आहे. कांहीं ख्रिस्ती लेखकांच्या मतें टिळकांनीं मंडळींतून अंग काढून घेतलें व बाप्तिस्म्याचें महत्त्व कमी केलें. उलट कांहीं हिंदु लेखक असें सुचवितात कीं ते अर्ध्या वाटेनें परत येत होते. आपला देह पुरूं नये, दहन करावा, ही त्यांची अखेरची इच्छा ते पुराव्यादाखल सांगतात. आमच्या मतें दोन्ही पक्ष टिकत नाहींत. मंडळी सोडणारा मनुष्य त्या मंडळीच्याच पत्राचें संपादन शेवटपर्यंत करीत राहत नाहीं. टिळक 'ज्ञानोदया'शीं १९१९ पर्यंत संबद्ध होते. आणि हिंदु धर्माकडे परतणारा मनुष्य ख्रिस्ताचें चरित्र ओंवीबद्ध करण्यांत अखेरचीं वर्षें घालवीत नाहीं. दहनाची इच्छा ही देशाचार राखण्याची होती; त्यांच्या अस्थि पुढें नगरच्या ख्रिस्ती स्मशानभूमींतच ठेविल्या गेल्या, हें त्या लेखकांनीं सोडून दिलें आहे.

या प्रकरणांतील कळीचा मुद्दा आमच्या मतें निराळाच आहे. मिशनच्या आश्रयाखालील ख्रिस्ती लोकांस नम्रतेचा उपदेश नित्य होत असे. तो करणारा बहुधा पगार देणाराच असे. दुबळ्याकडून मागितलेली नम्रता स्वस्त असते. टिळकांनीं ती मागणी उलटी फिरविली. मिशनऱ्यांनीं धनीपणा टाकून भाऊपणा पत्करावा, चालकाची जागा सोडून सेवकाच्या जागीं बसावें, असें त्यांनीं स्पष्ट शब्दांत लिहिलें, आणि मिशनच्याच पत्राशीं संबद्ध असतां लिहिलें. हें लिहिण्यापूर्वीं किंवा लिहितांना त्यांनीं आपली जागा सोडली होती, म्हणून त्या लिहिण्यास वजन आलें. मिशनऱ्यांपैकीं कांहीं दुखावले असतील. परंतु मिशननें त्यांचें पत्र काढून घेतलें नाहीं, हेंहि न्यायानें नमूद केलें पाहिजे. येथें वर सांगितलेला भेद उपयोगी पडतो. ही तितिक्षा उन्हाची नव्हती, माणसांची होती, आणि दोन्ही बाजूंनीं होती.

दरबार संख्येनें कधींच मोठा झाला नाहीं. स्थापनेस पुरतीं दोन वर्षेंहि मिळालीं नाहींत. त्यांत १९१८ चा इन्फ्ल्यूएंझा आला, बालकवि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत गेले, टिळकांची प्रकृति ढांसळली, आणि ९ मे १९१९ रोजीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें. त्यांच्या मागें दरबार फार काळ टिकला नाहीं. एका व्यक्तीच्या तेजावर उभ्या असलेल्या संस्थेचें हें नेहमींचें भवितव्य आहे. टिळकांना संस्था चालविण्याची हातोटी नव्हती, हें त्यांच्या भक्तांनींहि मान्य करावें. तुलनेसाठीं बंगालकडे पाहावें. १८६१ सालींच जन्मलेले ब्रह्मबांधव उपाध्याय हे कॅथॉलिक होऊन भगवीं वस्त्रें नेसले. त्यांच्या मठाच्या योजनेस वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनीं आडकाठी केली, व १९०७ सालीं ते निवर्तले तेव्हां त्यांचा संघर्ष मिटलेला नव्हता. टिळकांचा मार्ग तितका कडवट झाला नाहीं, याचें श्रेय कांहीं अंशीं अमेरिकन मिशनला व पुष्कळसें लक्ष्मीबाईंना आहे.

लक्ष्मीबाईंविषयीं थोडें विस्तारानें लिहिणें प्राप्त आहे. कारण सहनशीलतेचा विषय काढून त्यांस एका वाक्यांत उरकणें हा अन्याय होईल. जलालपूरच्या गोखल्यांची ही मुलगी बालवयांतच टिळकांच्या घरीं आली. पति न सांगतां घर सोडून जाई, हातीं आलेला पैसा दुसऱ्यास देऊन टाकी. आणि १८९५ सालीं तो धर्मांतर करून बसला. पुढें चार-पांच वर्षें पति-पत्नी वेगळीं राहिलीं. नंतर लक्ष्मीबाई मुलास घेऊन नगरास आल्या, तरी सोंवळें सुटलें नव्हतें. स्वयंपाक निराळा, पाणी निराळें. टिळकांनीं त्यांस सक्ति केली नाहीं, निराळ्या बिऱ्हाडाची सोय केली. उतावळ्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या पुरुषानें दाखविलेला हा धीर त्यांच्या सर्व कवितेइतका मोलाचा आहे, असें आम्ही म्हणूं. अखेर राहुरीस, कोणाच्या उपदेशानें नव्हे तर आपल्याच विचारानें, जात ही मनुष्यानें केलेली आहे असें लक्ष्मीबाईंच्या मनानें घेतलें, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

हा सर्व इतिहास 'स्मृतिचित्रें' या त्यांच्या आत्मचरित्रांत आहे. त्याचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. टिळकांच्या चरित्राचें दुसरें मुख्य साधन म्हणजे जे. सी. विन्स्लो यांचें १९२३ सालचें इंग्रजी चरित्र. दोहोंची तुलना केली असतां विन्स्लोसाहेबांच्या पुस्तकांत साताऱ्याचे टिळक ध्यानस्थ ऋषीसारखे दिसतात. लक्ष्मीबाईंच्या पुस्तकांत ते चिडतात, रुसतात, घरांत पीठ आहे कीं नाहीं हें विसरतात, आणि तरीहि थोर वाटतात. इतिहासाचें साधन म्हणून आम्ही दुसऱ्यास अधिक मान देतों. संन्याशाच्या घरची चूल कशी पेटते, हें संन्याशाच्या शिष्यापेक्षां त्याच्या पत्नीस अधिक ठाऊक असतें.

सांगली-मिरजेकडे पाहिलें म्हणजे हेच गुण निराळ्या वेषांत आढळतात. डॉक्टर विल्यम जेम्स वानलेस हे कॅनडांत जन्मलेले. १८८९ सालीं ते पत्नी मेरी यांसह आले, आरंभीं सांगलीस दवाखाना घातला व थोड्याच वर्षांत मिरजेस गेले. मिरजेच्या संस्थानिकांनीं जागा दिली, अमेरिकेंतून पैसा आला, आणि १८९४ सालीं रुग्णालय उभें राहिलें. १८९७ सालीं त्यास जोडून वैद्यकशाळा निघाली. हिंदी तरुण तेथें शिकून निरनिराळ्या मिशनांच्या दवाखान्यांत गेले. महारोग्यांसाठीं निराळें रुग्णालय झालें, क्षयरोग्यांसाठीं सांगली-मिरजेच्या मधल्या माळावर आरोग्यधाम झालें, व त्या वस्तीस वानलेसवाडी हें नांव पडलें. पत्नी १९०६ सालीं वारली; वानलेस १९२८ पर्यंत राहिले. कवितेंतील उत्साह येथें नाहीं, घोषणा नाहीं. चाळीस वर्षें तेंच टेबल, तीच शस्त्रक्रिया. डोळ्यावरची पट्टी सोडतांना रोग्याची जात कोणती हें शस्त्रास कळत नाहीं, आणि ज्या ऐक्यासाठीं साताऱ्यास दरबार भरवावा लागला तें मिरजेच्या ओसरीवर, निदान दुखणें असेपर्यंत, आपोआप घडे. दुखणें बरें झाल्यावर तें किती उरे, हा प्रश्न अर्थातच वेगळा. येथें एवढें सांगितलें पाहिजे कीं मिरजेसहि धनी व सेवक हा भेद टिळकांच्या अर्थानें पुसला गेला नव्हता. मुख्याचें स्थान गोऱ्या डॉक्टरांकडेच दीर्घकाळ राहिलें.

मंडळ्यांच्या ऐक्याची पुढील हकीकत लवकर सांगतां येते. १९२४ सालीं प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळींत एकत्र आल्या. त्यामुळें साताऱ्याकडील व सांगलीकडील ख्रिस्ती लोक प्रथमच एका नांवाखालीं आले. राजकीय नकाशानें हें काम पुढें निराळ्या रीतीनें केलें. संस्थानें १९४८ सालीं विलीन झालीं, १९४९ सालीं दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, व १९६० सालीं त्याचें नांव सांगली ठेवण्यांत आलें. अँग्लिकनांसह इतर कांहीं मंडळ्या मिळून उत्तर भारताची मंडळी झाली ती २९ नोव्हेंबर १९७० रोजीं, नागपुरास. ज्या नागपुराहून टिळकांचा प्रवास सुरू झाला होता त्याच गांवीं. परंतु घटनापत्रें व ठराव यांनीं साधण्यापूर्वीं एका ठिकाणीं हें ऐक्य साधून गेलें होतें. टिळकांचीं पदें काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन, अँग्लिकन या सर्वांच्या मराठी उपासनेंत म्हटलीं जात. 'उपासनासंगीत' उघडावें तों जागोजागीं त्यांचें नांव आढळतें. भिन्न मिशनांच्या ज्या माणसांना एका मेजावर बसवितां येत नव्हतें, त्यांना या माणसानें एका तालावर बसविलें.

दरबाराची परंपराहि अगदींच तुटली असें नाहीं. चरित्रकार विन्स्लो हे टिळकांच्या मिशनचे नव्हेत, नगरच्या अँग्लिकन मिशनचे. पूर्वीं ज्या दोन मिशनांत तंटा होता त्यांपैकीं एकाच्या पाळकानें दुसऱ्याच्या कवीचें चरित्र लिहावें, आणि १९२२ सालीं त्याच प्रेरणेनें 'ख्रिस्त सेवा संघ' काढावा, ही घटना आमच्या समजुतीप्रमाणें दरबाराचेंच उत्तरकांड आहे. संघाचें ठाणें पुढें पुण्यास झालें. १९२७ सालीं व्हेरियर एल्विन हे इंग्लंडहून त्याच संघांत येऊन दाखल झाले.

राहिलें 'ख्रिस्तायन'. टिळकांच्या हातून त्याचे अकराच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंना शाळा म्हणून ठाऊक नव्हती; लिहिणें-वाचणें त्या लग्नानंतर शिकल्या, आणि जोडाक्षरांशीं त्यांचें वैर अखेरपर्यंत राहिलें. पतीच्या मागें त्यांनीं ती पोथी हातीं घेतली व चौसष्ट अध्याय लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या निवर्तल्या. शेवटचा शहात्तरावा अध्याय त्यांचे पुत्र देवदत्त यांनीं लिहून ग्रंथ पुरा केला.